अकरा वाजताची बाटली

मी नदीच्या पाण्याची बाटली सकाळी अकरा वाजता भरायचो. नोकरीतली बहुतेक सगळी वर्षं, महिन्यातून एकदा, त्याच पुलाखाली. जागा नेमून दिलेली होती, वेळ नव्हती. वेळ मी ठरवली होती. गाडी साडेनऊला निघायची, रस्त्यात चहा व्हायचा, अकराला पाणी भरलं की जेवणाच्या सुट्टीपर्यंत प्रयोगशाळेत परत. हे कारण खोटं नव्हतं. पण ते पुरतं खरंही नव्हतं, आणि आज लिहायला बसलो आहे तो त्यातल्या उरलेल्या भागासाठी.

अकरापर्यंत ऊन चांगलं चढलेलं असतं. पाण्यातलं शेवाळ तोवर चार-पाच तास प्राणवायू सोडत असतं. सांडपाणी पोटात घेऊन हिरवट झालेल्या पाण्यातही त्या वेळी विरघळलेला प्राणवायू भरपूर सापडतो. ३० अंशाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. आकडा त्याच्या वर गेला, की रसायनशास्त्र शिकलेल्या माणसाला कळायला हवं की हे पाण्याचं आरोग्य नाही, हे उन्हात बसलेल्या शेवाळाचं काम आहे. रात्र पडली की तेच शेवाळ प्राणवायू घेऊ लागतं. चिखलातले जिवाणू तर दिवसरात्र घेतच असतात. अंधारात देणारं कुणी नसतं, सगळे घेणारेच. पहाटे चार-पाचला माझ्या पुलाखाली काय उरत असेल, याचा मला अंदाज होता. मी पहाटे कधी गेलो नाही. एकदाही नाही.

मला कुणी जाऊ नको म्हणालं नव्हतं, हेही सांगतो. ज्या प्रयोगशाळेत मी होतो तिच्यावर हा दोष ढकलायचा नाही. अकराचा आकडा 'मर्यादेत' यायचा, त्यामुळे कुणाला पत्र लिहावं लागत नव्हतं, कुणाचा फोन येत नव्हता. आणि माझं काम बिनचूक आहे, या समाधानात मी घरी जात होतो.

बिनचूक ते होतंच. १८८८ साली हंगेरीच्या लायोश विंकलरने प्राणवायू मोजायची जी रीत काढली, तिच्यावर माझं मनापासून प्रेम होतं, अजून आहे. तीनशे मिलिलिटरची बाटली हवेचा एक बुडबुडाही न शिरू देता भरायची. मँगनीज सल्फेट घालायचं, मग आयोडाइड असलेलं अल्कलीचं द्रावण. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका खाली बसतो. मग आम्ल, मग ब्युरेटमधून थेंब थेंब थायोसल्फेट, आणि शेवटी स्टार्चचा निळा रंग एका थेंबासरशी नाहीसा होतो. तो थेंब ओळखण्यात माझा हात पक्का होता. पण वर्षाला बारा बाटल्या म्हणजे तीन लिटर सहाशे मिलिलिटर पाणी. वर्षाचे ८७६० तास, त्यातली मी पाहिलेली फार तर बारा मिनिटं, आणि ती बाराही भर उजेडातली. एवढ्या पुराव्यावर मी तापीबद्दल आणि सुरतेतल्या ओढ्यांबद्दल छातीठोक बोलत आलो.

एकदा बैठकीत एका तरुण सहकाऱ्याने विषय काढला, की आपण नदीच्या तळाचे जीवही तपासावेत. किडे, अळ्या, गोगलगायी, शिंपले. कल्पना त्याच्या पदरची नव्हती. कोल्कविट्झ आणि मार्सन या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी १९०८-०९ मध्येच घाण सोसणाऱ्या आणि न सोसणाऱ्या जीवांच्या याद्या केल्या होत्या. ब्रिटनमध्ये १९७६ साली नेमलेल्या कार्यगटाने त्यातून गुणांचा सोपा तक्ता बसवला: प्रत्येक कुळाला एक ते दहा गुण, जीव जितका नाजूक तितके गुण जास्त. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने डच तज्ज्ञांच्या मदतीने यमुनेवर काम करून तो भारतासाठी जुळवून घेतला, आणि पाण्याचे पाच वर्ग केले. निळा म्हणजे स्वच्छ, मग फिकट निळा, हिरवा, नारिंगी आणि लाल. हे सगळं त्या मुलाने नीट मांडलं. मी म्हणालो, "किडे मोजून नदी कळत असती, तर प्रयोगशाळा कशाला बांधल्या?" लोक हसले. विषय तिथे संपला. तो मुलगा पुढे तो विषय कधी बोलला नाही, आणि दोन-तीन वर्षांत दुसरीकडे गेला.

मी त्या वाक्यावर खूश होतो, हे मला आज फार लागतं.

माझं मूळ गाव प्रकाशाजवळचं, नंदुरबार जिल्ह्यात, तापीच्याच काठचं. मुलताईला उगम पावलेली ही नदी ७२४ किलोमीटर पश्चिमेला वाहत सुरतेपाशी समुद्राला मिळते, आणि आमच्यासारखी हजारो खान्देशी माणसं ताप्ती लाइनच्या गाडीने तिच्याबरोबर खाली उतरली. कुणी लिंबायतला, कुणी उधन्याला, कुणी दिंडोलीला. गावात असताना नदीचा तळ मला हातापायांनी माहीत होता. उन्हाळ्यात पाणी उतरलं की आम्ही पोरं वाळूत पाय रुतवून शिंपले काढायचो. आजी त्यातला एक मोठा शिंपला घेऊन त्याची पाठ दगडावर घासायची, भोक पडेपर्यंत, आणि त्या भोकाच्या धारेने कैऱ्या सोलायची. एक शिंपला दोन-तीन उन्हाळे पुरायचा. मोठा झालो, पदवी घेतली, सुरतेला आलो, आणि ज्या तळात मी गुडघाभर उभा राहिलो होतो त्या तळालाच पुरावा मानायला तयार नव्हतो.

निवृत्तीनंतर भाची एका दुपारी घरी आली. ती प्राणिशास्त्र शिकते. तिला प्रकल्पासाठी नदीवरच्या जागा पाहायच्या होत्या, आणि काठाने कुठून खाली उतरता येतं हे मला ठाऊक होतं. मांडवीकडे जाताना गाडीत तिने सहज विचारलं, "मामा, तुम्ही बाटली किती वाजता भरायचात?"

"अकराला."

"दर वेळी अकरालाच?"

मी हो म्हणालो. ती पुढे काही बोलली नाही. तिला मला पकडायचं नव्हतंच. तिला खरोखर माहिती हवी होती. कामरेज गेलं तरी मी खिडकीबाहेरच बघत होतो.

काकरापारच्या बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला, पाणी गोट्यांवरून उथळ वाहत होतं तिथे ती उतरली. प्रवाहाच्या खालच्या बाजूला दांड्याची जाळी उभी धरली आणि जाळीसमोरचे गोटे पायाने ढवळायला लागली. मोबाइलवर तीन मिनिटं लावलेली. मग जाळी पांढऱ्या ट्रेमध्ये उलटी केली. मला नुसता गाळ आणि पालापाचोळा दिसला. "थांबा," ती म्हणाली. गाळ बसला आणि पाचोळा चालायला लागला.

तीन शेपट्यांचा, तांदळाच्या दाण्याएवढा एक जीव. पोटाच्या दोन्ही कडांना पानांसारखे पातळ कल्ले, त्यांची एकसारखी थरथर. मेफ्लायचं पिल्लू. याचं जवळजवळ सारं आयुष्य पाण्याखाली जातं. पंख फुटल्यावर ते काही तास, फार तर एक-दोन दिवस जगतं. त्याच्याजवळ चतुराची पिल्लं, चिखल पांघरून बसलेली. काटकुळी टाचणीची पिल्लं. दाराची झाकणी असलेल्या गोलसर गोगलगायी. एका गोट्याच्या फटीत कॅडिसफ्लायची अळी, आणि तिच्या घराच्या तोंडाशी तिने विणलेली जाळी.

त्या जाळीबद्दल थोडं सविस्तर लिहिल्याशिवाय राहवत नाही. तो गोटा आम्ही पाण्याच्या डब्यात घालून घरी आणला. भाचीचे वडील, माझे दाजी, आयुष्यभर उधन्याच्या लूमच्या खात्यात राबलेले. त्यांनी खिशातून कापडाचे धागे मोजायचं भिंग काढलं, पिकग्लास, आणि गोट्यावर वाकले. अळी तोंडातून रेशीम काढून वाहत्या पाण्यात चौकटीची जाळी विणते, तिच्यात अडकलेलं खाते. चौकटी एकसारख्या, ओळीत. दाजी बराच वेळ भिंगावरून उठलेच नाहीत. मग म्हणाले, "हाई कोनी विणेल शे?" हे कुणी विणलंय? भाचीने त्यांना अळी दाखवली. वाहतं पाणी थांबलं की ती विणू शकत नाही, आणि पाण्यात गाळ फार झाला की जाळी बुजते, हेही सांगितलं. दाजींना ते लगेच पटलं. तक्त्यात या कुळाला पाच गुण आहेत. मला त्या दिवशी गुणांपेक्षा ते पटणं मोठं वाटलं. माझ्या अहवालातला बीओडीचा (पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना लागणाऱ्या प्राणवायूचा) आकडा दाजींना मी वीस वर्षांत समजावू शकलो नव्हतो.

पुढच्या आठवड्यात आम्ही शहरातल्या एका खाडीवर गेलो. खाडी म्हणजे इथे समुद्राची नव्हे. सुरतेत शहरातून वाहणाऱ्या ओढ्यांना खाडी म्हणतात, आणि पावसाळ्यात त्या फुगल्या की 'खाडीपूर' येतो. तिथला ट्रे पांढऱ्यावर लाल दिसत होता. कायरोनोमस माशीच्या अळ्या, रक्तासारख्या लाल, कारण त्यांच्या अंगात खरंच हिमोग्लोबिन असतं. जिथे प्राणवायू नावापुरता आहे तिथून तो वेचून घ्यायला. ट्युबिफेक्सचे केसासारखे किडे, डोकं चिखलात खुपसून शेपट्या वर हलवत. शोभेच्या माशांना खाऊ म्हणून दुकानात मिळतात ते हेच. एक पांढुरकी अळी, जिची लांब शेपटी म्हणजे दुर्बिणीसारखी लांबणारी श्वासनळी. आणि डावखुऱ्या शंखाच्या बारक्या गोगलगायी.

इथे मला सगळं उलगडलं, आणि ते भाचीच्या तक्त्यामुळे नाही. मी तिला विचारलं, यातला कोण पाण्यातला प्राणवायू घेतो आणि कोण हवेतला? तिने बोटाने दाखवलं. शेपटीवाल्या अळीला पाण्यातला प्राणवायू लागतच नाही, ती नळी वर काढून हवा घेते. डावखुऱ्या शंखाच्या गोगलगायीला फुप्फुस असतं, तीही पृष्ठभागावर येते. लाल अळी आणि ट्युबिफेक्स थोडक्यावर भागवतात. आणि मांडवीचे ते थरथरते कल्ले, ती झाकणीवाली गोगलगाय, जिला फुप्फुस नाही, कल्ले आहेत? त्यातलं इथे कुणीच नव्हतं. ज्यांना रात्रभर पाण्यातूनच श्वास घ्यावा लागतो आणि थोडक्यावर भागवता येत नाही, ते सगळे गेले होते. मी ज्या पहाटेला गेलो नाही, तिची हजेरी या ट्रेमध्ये लागलेली होती. मला अकराला निघून जाता येत होतं. त्यांना नव्हतं.

आणि ही हजेरी एका रात्रीची नाही. आपल्या उष्ण पाण्यात मेफ्लायच्या काही जातींची पिढी काही आठवड्यांत पुरी होते. चतुराची पिल्लं महिनोन्महिने तळाशी असतात. शिंपला कित्येक वर्षं. म्हणजे मेफ्लाय आहेत पण जिवंत शिंपला नाही, फक्त रिकामे शिंपले आहेत, तर घाव जुना असू शकतो आणि नदी सावरत असू शकते. जिवंत शिंपले आहेत पण मेफ्लाय नाहीत, तर मागच्या काही दिवसांत काहीतरी येऊन गेलेलं असू शकतं. शिंपल्याची गोष्ट आणखी पुढे जाते. त्याची पिल्लं सुरुवातीला माशांच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात, त्यांच्याबरोबर प्रवास करतात, मग तळाला उतरतात. मासे अडले की शिंपलेही अडतात. १९७२ मध्ये उकाईचं धरण उभं राहिलं, त्याच्या खाली काकरापारचा बंधारा, सुरतेपाशी सिंगणपोरचा कॉझवे. आजीच्या हातातला शिंपला आणि मी ज्या पुलाखाली बाटली भरायचो तो पूल, यांच्या नदीवर एवढं सगळं उभं आहे, हे मी कधी एकत्र पाहिलंच नव्हतं.

माझं मत बदललं, याचा अर्थ मी आता तक्त्याची पूजा करतो असा नाही. बैठकीत मी उद्दामपणे बोललो, पण माझी एक शंका रास्त होती. ब्रिटिश तक्त्यात स्टोनफ्लायच्या काही कुळांना पूर्ण दहा गुण आहेत. स्टोनफ्लायला थंड, खळाळतं पाणी लागतं. सुरतेच्या सपाटीवर, पाणी तापवणाऱ्या उन्हात, तापी उद्या पूर्ण स्वच्छ झाली तरी स्टोनफ्लाय इथे सापडायची नाही. मग तिच्या नसण्याचे गुण का कापायचे? ब्रिटिशांनाही ही अडचण आली. त्यांनी आधी स्वच्छ नद्यांच्या शेकडो जागा तपासल्या, आणि अशा उताराच्या, अशा तळाच्या जागी कोणते जीव *असायला हवेत* याचं गणित बसवलं. मग असायला हवेत आणि सापडले यांची तुलना. तापीसाठी तसं करायचं तर स्वच्छ तापी कुठली धरायची? कॉझवेच्या वर पाणी तुंबलेलं, त्यावर जलपर्णीचे गालिचे. कॉझवेच्या खाली भरती-ओहोटीचं खारट पाणी, तिथे गोड्या पाण्याचा तक्ता चालतच नाही. वाळू उपसलेल्या जागी तळच उरत नाही, तिथे जीव न सापडणं हे घाण पाण्याचं लक्षण नसून पोकलेनचं असू शकतं. धरणातून पाणी सोडलं आणि बंद केलं, की काठचे जीव उघडे पडतात. भाचीशी मी यावर खूप वाद घालतो. ती म्हणते, "म्हणूनच मामा, एकाच जागी वर्षानुवर्षं जायला हवं. नदीची तुलना तिच्याशीच." यावर माझ्याकडे उत्तर नाही.

शिवाय लाल अळी मला हे सांगत नाही, की पाण्यात क्रोमियम आहे की रंगाचं रसायन, आणि ते कुठल्या नाल्यातून आलं. त्यासाठी बाटलीच लागते. आणि आणखी एक भीती मला आहे, जी माझ्याखेरीज कुणाला चटकन सुचणार नाही: मी जशी वेळ निवडली, तशी उद्या कुणी जागा निवडेल. एकच चांगला खळाळ बघून तिथेच जाळी लावेल, आणि पूर्ण नदी निळ्या वर्गात बसवेल. हे कसं होतं ते मला माहीत आहे, म्हणून भाचीच्या वहीत मी पहिल्या पानावर जागा, खोली, तळाचा प्रकार आणि वेळ यांचे रकाने आखून दिले. तेवढं तरी माझ्या अनुभवाचं देणं.

आषाढ शुद्ध सप्तमीला सुरत तापीचा वाढदिवस साजरा करतं. ओवाऱ्यांवर आरती होते, नदीला लांबच लांब चुनरी नेसवतात. मी दर वर्षी जातो, हात जोडतो, ती सूर्याची लेक आहे असं मनापासून मानतो. यंदा हात जोडताना मला सारखं पाण्याखाली काय आहे तेच दिसत होतं.

थंडीत मी ठरवून गेलो. माझ्याच पुलाखाली, पहाटे. त्याचं नाव लिहीत नाही, कारण ही गोष्ट पुलाची नाही. भाची जाळी आणि वही घेऊन सोबत होती. टॉर्चच्या उजेडात बाटली भरली, बुडबुडा राहू दिला नाही. मँगनीज घातलं, अल्कली घातली, झाकण लावून बाटली उलटीसुलटी केली. साका बसायला लागला. अकराच्या बाटलीत तो गडद तपकिरी यायचा, विटकरीकडे झुकणारा. हा पांढुरका होता, कडेला जेमतेम बदामी. पुढे ब्युरेट लावायची गरज नव्हती, तरी मी लावली. चिठ्ठीवर वेळेच्या रकान्यात ५.१० लिहिलं.

त्या संध्याकाळी मी त्या सहकाऱ्याला फोन केला. नंबर शोधायला दोन दिवस लागले होते. बैठकीचं त्याला आठवत होतं. मी म्हणालो, तू बरोबर होतास, आणि मला तेव्हाही थोडंसं कळत होतं. तो बराच वेळ गप्प राहिला. मग त्याने विचारलं, तिथे आता काय काय सापडतं. भाचीची वही शेजारीच होती. मी वाचून दाखवलं: लाल अळ्या, पुष्कळ. ट्युबिफेक्स, पुष्कळ. डावखुऱ्या शंखाच्या गोगलगायी, अकरा. जळवा, चार. झाकणीची गोगलगाय, रिकामे शंख, दोन. मेफ्लाय, नाही.